आधी जुडी बांधू द्या, दशक नंतर

दुसरीच्या वर्गात "एकोणतीस लिहा" म्हटलं की दरवर्षी काही पाट्यांवर ३९ दिसतं. कानावर 'तीस' पडलं, हाताने तीन लिहिला. पंचवीसचं तसंच: पाच आधी ऐकू येतो, म्हणून ५२. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! मी दोन्ही म्हणून घेते. हातात काड्या असताना 'वीस आणि पाच', मग 'पंचवीस'.

काड्यांसाठी खर्च नको. खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे करा, चौघांच्या गटाला दीडशे तरी द्या, सोबत रबर. जुड्या तयार करून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. दहा मोजून स्वतः रबर गुंडाळलं की 'दहा सुट्या म्हणजे एक जुडी' हे बोटांना कळतं.

फरशीवर खडूने दोन घरं आखा. उजवीकडे सुट्या, डावीकडे जुड्या. फासा टाकायचा, तेवढ्या काड्या घ्यायच्या. सुट्यांच्या घरात दहा झाल्या की बांधायचं आणि शेजारी पाठवायचं. दहा जुड्या झाल्या की मोठा गठ्ठा, त्याला डावीकडे तिसरं घर. दोन-तीन दिवसांनी खेळ उलटा: काड्या परत करायच्या, सुट्या संपल्या की जुडी सोडायची. वजाबाकीतला हातचा इथेच कळून जातो.

नोटा मात्र नंतर. दहाच्या नोटेत दहा रुपये डोळ्यांना दिसत नाहीत.

शून्याला वेळ द्या. एका मुलीने 'एकशे पाच' १००५ लिहिलं होतं. मी पुसलं नाही. तिच्याकडून एक गठ्ठा आणि पाच सुट्या मांडून घेतल्या.
"मधल्या घरात किती जुड्या?"
"एकपण नाही, बाई."
"मग पाटीवर त्या घरात काय लिहायचं?"
ती बराच वेळ घरांकडे बघत राहिली. मग अंगठ्याने एक शून्य पुसलं.

एकक, दशक हे शब्द कधी सांगायचे? चौतीस काड्या मांडून घ्या, ३४ लिहा, तीनवर बोट ठेवून विचारा, "एवढ्या काड्या दाखव." मुलाने तीन सुट्या उचलल्या तर पुन्हा फासा आणि रबर. तीन जुड्या उचलल्या, की सांगा: याला दशक म्हणतात.