दातांच्या दवाखान्यात मुलांच्या लसीकरणाची चौकशी कशी करावी

दातांना तारा बसवून घेणारी बरीच मुले ११ ते १४ वर्षांची असतात आणि उपचार संपेपर्यंत महिन्या-दीड महिन्याने दवाखान्यात येत राहतात. याच वयात बालरोगतज्ज्ञांकडे जाणे जवळपास थांबलेले असते. त्यामुळे दहाव्या वर्षीचा टीडीचा, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाच्या लसीचा, डोस आणि ९ ते १४ या वयात घ्यायची एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस राहून गेली असेल, तर ते दंतवैद्याच्याच लक्षात येण्याची शक्यता अधिक.

केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्याखाली लसीकरणाचा रकाना छापून घ्यावा. ‘सगळ्या लसी झाल्यात ना?’ असे विचारू नये, कारण पालक सवयीने ‘हो’ म्हणून मोकळे होतात. ‘दहाव्या वर्षी टीडीचे इंजेक्शन कुठे घेतले? कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे का?’ असे विचारावे.

एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाप्रमाणेच टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो, म्हणून हा विषय आपल्या कक्षेतलाच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती मुली व मुलगे दोघांनाही देता येते. चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरापासून तीन घ्यावे लागतात. तेव्हा वेळेवर विचारल्यास एक सुई वाचते. मात्र आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी आहे, आणि लस घेतल्याने गुटखा निर्धोक होत नाही, हे मुलासमोरच स्पष्ट सांगावे.

मैदानात पडून दात निखळलेले मूल आले, तर दात वाचवण्याची धडपड आधी करावी. पण जखमेत माती गेली असल्यास धनुर्वाताच्या लसीची चौकशी त्याच भेटीत व्हायला हवी.

ताप, खोकला आणि लाल डोळे असलेल्या मुलाच्या गालाची आतली बाजू दाढांसमोर नीट पाहावी. लालसर भागावर मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसले, तर ती अंगावर पुरळ उठण्याआधीची गोवराची खूण असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला होता, तेव्हा हा आजार मागे पडला असे मानू नये. अशा वेळी दातांचे काम पुढे ढकलावे, मुलाला इतरांपासून दूर बसवावे आणि स्थानिक आरोग्य विभागाला कळवावे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये दंतवैद्यांना लस टोचण्याची परवानगी दिली. आपण मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा बालरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी द्यावी, तिच्यावर लसीचे नाव लिहावे आणि पुढच्या भेटीत तार आवळण्याआधी कार्ड पाहावे.