पेटंटसाठी एजंट नेमताना या चुका टाळा

तासगाव भागात बेदाण्याची यंत्रं बनवणारं आमचं छोटं वर्कशॉप आहे. बेदाण्याची काडी काढताना दाणा चेंगरतो, ही इथली जुनी तक्रार. आम्ही ड्रमवर रबराची बोटं बसवली आणि ड्रमला मागून स्प्रिंग दिली. माल जास्त आला की ड्रम मागे सरकतो, जाळीपासूनचं अंतर वाढतं, दाणा वाचतो. पेटंटचा अर्ज केला आणि पेटंट मिळालंही. पुढच्याच हंगामात शेजारच्या तालुक्यात हुबेहूब तसंच यंत्र उभं राहिलं, फक्त रबराच्या जागी नायलॉनचा ब्रश होता. कागद घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी माझा पहिला क्लेम, म्हणजे माझा हक्क नेमका कशावर आहे ते सांगणारं अर्जातलं वाक्य, दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात रबराची बोटं असं स्पष्ट लिहिलंय. ब्रश त्यात बसतो हे सिद्ध करायला कोर्टात मोठी लढाई द्यावी लागेल, आणि निकालाची खात्री नाही."

स्प्रिंगची कल्पना हाच खरा शोध होता. रबर आम्ही वापरलं, कारण ते त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पडलेलं होतं. हे मी एजंटला, म्हणजे पेटंटचा अर्ज लिहून देणाऱ्याला, सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. अर्ज दाखल झाला त्या दिवशी कागदावर जे होतं तेवढंच माझं राहिलं. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितोय.

नोंदणी न तपासणं

आपल्याकडे 'पेटंट अ‍ॅटर्नी' हा शब्द पाटीवर सर्रास दिसतो, पण १९७० च्या पेटंट कायद्यात शब्द आहे 'पेटंट एजंट'. त्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातली पदवी लागते आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणी झालेल्या एजंटचा क्रमांक 'आयएन/पीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यांची यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. भेटायला जाण्याआधी त्या यादीत नाव शोधा. 'कन्सल्टंट' म्हणवणारे बरेच जण स्वतः एजंट नसतात, काम दुसऱ्याकडून करून घेतात. मग तुमचा शोध समजून घेणारा माणूस वेगळा आणि लिहिणारा वेगळा, असं होतं. लिहिणाऱ्याशी थेट बोलायला मिळणार का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

अर्ज स्वतःही करता येतो, कायद्याची आडकाठी नाही. पण क्लेम लिहिणं ही वेगळी विद्या आहे. चांगलं मराठी किंवा इंग्रजी येतं म्हणून ती येत नाही.

आधी प्रदर्शन, मग एजंट

आमच्या भागात सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. यंत्र तयार झालं की पहिला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, मग कृषी प्रदर्शनात स्टॉल लागतो, चार यंत्रं विकली जातात, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, "अरे, याचं पेटंट घ्या की." तोपर्यंत शोध जगजाहीर झालेला असतो. नावीन्य संपलं की पेटंटही संपलं.

कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे. प्रदर्शन केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेलं असावं लागतं. तालुक्याच्या मैदानावरचं कृषी प्रदर्शन त्यात येईल असं धरून चालू नका. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधालाही अशी सवलत आहे, साध्या विक्रीला नाही.

व्हिडिओ आधीच गेला असेल तर तो एजंटपासून लपवू नका. कुणाला, कधी, काय दाखवलं याची तारीखवार यादी करून न्या. बऱ्याचदा बाहेरून दिसलेला भाग एक असतो आणि आतली खरी युक्ती झाकलेली राहिलेली असते. तसं असेल तर त्या आतल्या भागावर अर्ज होऊ शकतो. हे ठरवणं एजंटचं काम, पण त्याला खरी माहिती मिळाली तरच.

एजंटला दाखवताना मात्र संकोच नको. गोपनीयतेचा करार आधी करून घ्या आणि तुमच्याच धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याचं काम ते करतात का, हे सरळ विचारा. चांगला एजंट या प्रश्नाने दुखावत नाही.

मोठं ऑफिस बघणं, विषय न बघणं

औषधांवर उत्तम काम करणारा एजंट यंत्रावर चाचपडू शकतो. त्याने लिहिलेली, प्रसिद्ध झालेली दोन-तीन तपशीलपत्रं, म्हणजे शोधाचं वर्णन आणि क्लेम असलेले कागद, मागा. ती गोपनीय नसतात, पेटंट कार्यालयाच्या शोधसुविधेत फुकट वाचता येतात. तुमच्या विषयाजवळची निवडा आणि फक्त पहिला क्लेम वाचा. तो पानभर लांब असेल, नट-बोल्टपासून रंगापर्यंत सगळं त्यात कोंबलेलं असेल, तर सावध व्हा. क्लेममध्ये जितक्या जास्त अटी, तितकी नकलाकाराला पळवाट जास्त, कारण एक अट गाळली की तो मोकळा. उलट क्लेम अगदीच मोघम असेल तर परीक्षक तो आधीच प्रसिद्ध असलेल्या कागदांच्या आधारे फेटाळतो. म्हणून जाणकार एजंट पहिला क्लेम रुंद ठेवतो आणि खाली पायरीपायरीने अरुंद क्लेम लावतो. माझ्या बाबतीत पहिल्या क्लेममध्ये 'लवचीक घटक' हवं होतं, त्याखालच्या क्लेममध्ये 'रबराची बोटं', आणखी खाली 'ब्रशचे केस'.

हे नंतर सुधारता येत नाही, आणि शेतकरी, फिटर, छोटे कारखानदार यांना नेमकं हेच कुणी सांगत नाही. कायद्याच्या कलम ५९ नुसार दुरुस्ती करताना क्लेम अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही, आणि मूळ कागदात नसलेली नवी गोष्ट घालता येत नाही. एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल, आल्यावर "साहेब, ब्रशचंही लिहा" म्हणून मी आग्रह धरला होता. तोवर वेळ गेलेली होती.

पहिल्या भेटीत एजंट काय विचारतो ते ऐका. "हा भाग काढला तर यंत्र चालेल का? याच्या जागी दुसरं काय बसेल? तुमचा स्पर्धक हे कसं टाळेल?" असे प्रश्न आले तर माणूस कामाचा. "फोटो आणि माहिती मेल करा, आठवड्यात ड्राफ्ट देतो" एवढंच म्हणाला तर दुसरीकडे बघा. आणि तुम्हीही फसलेले प्रयोग सोबत न्या. पत्र्याची बोटं लावली होती, दाणा फुटला, मग रबर आलं, ही हकीकत एजंटसाठी फार मोलाची असते. शोधात नेमकं काय महत्त्वाचं आहे ते तिच्यातून कळतं.

ड्राफ्ट हातात आला की सही करण्याआधी वर्कशॉपमधल्या माणसासोबत बसून वाचा. इंग्रजी कळत नसेल तर एजंटला वाक्यावाक्याने मराठीत समजावून सांगायला लावा. त्याची फी तुम्ही दिलेली आहे.

एका पानाचा प्रोव्हिजनल

तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज स्वस्तात होतो आणि तारीख मिळते, हे खरं. पण तारीख मिळते ती त्यात लिहिलेल्या मजकुरापुरतीच. 'बेदाणा साफ करणारं सुधारित यंत्र' असं एक पान टाकून ठेवलं आणि स्प्रिंगचं वर्णन दहा महिन्यांनी पूर्ण अर्जात आलं, तर स्प्रिंगची तारीख दहा महिन्यांनंतरची. मधल्या काळात यंत्र विकलं असेल तर स्वतःच्याच विक्रीने घात होतो.

पूर्ण अर्ज १२ महिन्यांत द्यावाच लागतो, नाहीतर प्रोव्हिजनल सोडून दिल्यासारखा धरतात. याच १२ महिन्यांत परदेशाचाही निर्णय घ्यायचा असतो. 'जागतिक पेटंट' मिळवून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा, असं काही नसतं. पीसीटी हा एकत्र अर्जाचा मार्ग आहे, पेटंट शेवटी प्रत्येक देशात वेगळं घ्यावं लागतं. आणि भारतात राहणाऱ्या माणसाने भारतात अर्ज न करता थेट परदेशात अर्ज करायचा तर कलम ३९ खाली आधी परवानगी लागते. भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबलात आणि शोध गुप्त ठेवण्याचा सरकारी आदेश आला नाही, तर ती लागत नाही.

पैशाचा हिशेब न मागणं

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, परीक्षणाच्या विनंतीची ४,०००. क्लेम १० पेक्षा जास्त झाले तर प्रत्येक जादा क्लेमला ३२०, पानं ३० पेक्षा जास्त झाली तर प्रत्येक पानाला १६०. बाकी जे तुम्ही देता ती एजंटची फी. ती कमी असावी असं माझं म्हणणं नाही, चांगल्या ड्राफ्टिंगला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण कोटेशन टप्प्याटप्प्याने मागा: पूर्वशोध (असं काही आधीच आहे का हे बघणं), ड्राफ्टिंग, दाखल करणं, एफईआरचं उत्तर, सुनावणी. 'सगळं मिळून दहा हजार' या आकड्यात एफईआरचं उत्तर बहुधा नसतं, आणि खरी झुंज तिथेच असते.

उद्योगाच्या नावावर अर्ज असेल तर उद्यम नोंदणी जोडून सवलतीची फी घ्या. पेटंट मिळाल्यावर नूतनीकरणाची फी भरावी लागते ती तिसऱ्या वर्षापासूनची, आणि वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. व्यक्तीसाठी सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,०००. पूर्ण वीस वर्षं टिकवलं तर ७६,८०० रुपये होतात. या तारखा कोण सांभाळणार, तुम्ही की एजंट, हे लेखी ठरवा.

पैसे खरंच नसतील तर वाटा आहेत. डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योगविषयक विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपला सरकारच्या योजनेत फॅसिलिटेटर, म्हणजे अर्जाचं काम करून देणारा, मिळतो आणि त्याची फी सरकार देतं. तळागाळातल्या संशोधकांसाठी गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंटचं काम करून देतं.

प्रमाणपत्राला भुलणं

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे, परीक्षकाने तो अजून तपासलेलाही नसतो. तरी 'पेटंट पब्लिश्ड' असे फलक कॉलेजांत लागतात. त्याहून वाईट म्हणजे परदेशातली डिझाइन नोंदणी 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणून प्राध्यापकांना विकली जाते, त्यात नावांच्या जागाही विकल्या जातात. डिझाइन नोंदणी वस्तूच्या रूपाची असते, तंत्राची नाही. ज्याने शोधात भर घातली नाही त्याचं नाव संशोधक म्हणून घालू नका, आणि ज्या फिटरने खरी युक्ती सुचवली त्याचं नाव गाळू नका. आमच्या स्प्रिंगची कल्पना आमच्या फिटरची होती. पहिल्या अर्जात त्यांचं नाव नव्हतं, याची खंत मला ब्रशपेक्षा जास्त आहे.

मंजुरीची हमी देणारा एजंट तर दारातूनच परत पाठवा. निर्णय परीक्षकाचा असतो.

एजंट फोन उचलत नसेल तर

आधी अर्ज खरंच दाखल झालाय का ते बघा. दाखल झाल्यावर फीची पावती आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात, म्हणून पाचवा अंक २ असतो. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की अर्जाची स्थिती दिसते, एजंटची गरज नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला बघतो.

दोन गोष्टी शोधा. परीक्षणाची विनंती दिलीय का? ती आपोआप होत नाही, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत द्यावी लागते, पूर्वी ४८ होते. दुसरं, एफईआर आलाय का? तो एजंटच्या मेलवर जातो. उत्तराला सहा महिने असतात, मुदत संपण्याआधी अर्ज केला तर आणखी तीन. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. एजंटच्या चुकीमुळे असं झालेले काही अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा जिवंत केले, पण अर्ज सोडायचा हेतू नव्हता हे पटवावं लागतं. म्हणून तुम्ही पाठवलेले मेल आणि संदेश जपून ठेवा.

एजंट बदलणं अवघड नाही. नव्या एजंटच्या नावे फॉर्म २६ भरायचा, त्यात जुना अधिकार रद्द केल्याचं लिहायचं आणि पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घ्यायचा. जुन्याची संमती लागत नाही. ड्राफ्टची मूळ फाइल आणि पावत्या मात्र भांडण होण्याआधी मागून घ्या.

नूतनीकरण चुकलं असेल तर सहा महिने वाढीव फीसह मिळतात. तेही गेले तर पेटंट रद्द झाल्यापासून १८ महिन्यांत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो.

क्लेम अरुंद राहिलाय हे अर्ज प्रसिद्ध होण्याआधी लक्षात आलं आणि यंत्र अजून बाहेर दाखवलेलं नसेल, तर नवा, नीट लिहिलेला अर्ज करता येतो. जुना १५ महिन्यांच्या आत मागे घेतला तर तो प्रसिद्ध होत नाही. तारीख नवी धरली जाते, पण शोध हातात राहतो. मला हे कळलं तेव्हा यंत्रं विकली गेली होती.

यंदा मनुके निवडायच्या नव्या यंत्राचा अर्ज केलाय. या वेळच्या एजंट बाई मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. त्या सांगलीहून वर्कशॉपला आल्या, आमच्या फिटरशेजारी तीन तास उभ्या राहिल्या आणि एकेक भाग काढायला लावून यंत्र पुन्हा चालवायला सांगत राहिल्या. सातवा भाग काढल्यावर यंत्र थांबलं. पहिला क्लेम त्यांनी त्या भागावर लिहिला, आणि संशोधकांच्या रकान्यात दोन नावं आहेत.