डोटा २ शिकताय? आधी मारामारी विसरा

डोटा २ म्हणजे दोन संघांनी कॉम्प्युटरवर खेळायचा ऑनलाइन लढाईचा गेम. फुकट आहे, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो, ६० जीबी जागा लागते. रात्री डाउनलोडला लावून झोपा. सकाळी ट्यूटोरियल उरका. इथवर कोणी अडत नाही.

मग हीरो, म्हणजे तुम्ही चालवता ते पात्र. सव्वाशेच्या आसपास आहेत, आणि सगळ्यांची माहिती आधी पाठ करा म्हणणारे शहाणेही तितकेच. त्यांच्या नादी लागू नका. रेथ किंग घ्या आणि महिनाभर त्यालाच धरून राहा. सहाव्या लेव्हलला त्याला मेल्यावर पुन्हा उठायची शक्ती मिळते. नवख्याला आणखी काय पाहिजे? इन्व्होकर नावाच्या हीरोचे १० स्पेल बघून भुलू नका.

आता खरी मेख. लास्ट हिट.

दर ३० सेकंदांनी दोन्हीकडून प्रत्येक लेनमध्ये, म्हणजे दोन तळांना जोडणाऱ्या वाटेवर, क्रीप (आपोआप लढणारे शिपाई) निघतात: तीन जवळून मारणारे, एक लांबून मारणारा. ज्याच्या घावाने क्रीप मरतो, सोनं त्यालाच. आधी कितीही झोडपलं असलं तरी शेवटचा घाव दुसऱ्याचा पडला की तुमच्या हाती काही नाही. पहिले दोन महिने मी नेमकं हेच करत होतो. समोर दिसेल त्याला बडवत सुटायचं. विसाव्या मिनिटाला समोरच्याकडे मोठमोठी हत्यारं आणि माझ्या पायात नुसते बूट. वर सततच्या माराने क्रीपची लढाई शत्रूच्या टॉवरपर्यंत (आपोआप मारा करणाऱ्या बुरुजापर्यंत) ढकलली जायची आणि तिथे मी आयता सापडायचो.

आमच्याकडे कापूस वेचताना बोंड पुरतं फुटल्याशिवाय हात घालत नाहीत. घाई केली तर कवडी पदरात पडते. इथेही तसंच. हात आवरा, तुमचे क्रीप मारताहेत त्यांना मारू द्या, आणि नजर फक्त शत्रूच्या क्रीपच्या रक्ताच्या पट्टीवर. तुमच्या एका घावात संपेल इतकं रक्त उरलं की मारा. पण रेथ किंगला तलवार उगारून खाली आणायलाच अर्धा सेकंद लागतो, म्हणून क्लिक त्याच्या आधी पडली पाहिजे. लवकर पडली असं वाटलं तर तलवार खाली यायच्या आत ‘एस’ दाबा, घाव थांबतो. उगारायचं, थांबायचं, पुन्हा उगारायचं. समोरचा खेळाडूही यात फसतो.

क्रीप तुमच्या टॉवरखाली आले की लोक गांगरतात. हिशेब सोपा आहे: टॉवरच्या एका घावाने किती रक्त जातं ते बघून ठेवा, आणि उरलेलं तुमच्या एका घावात संपेल तेव्हा टॉवरच्या आधी मारा. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून टॉवरखालचं निम्मं सोनं वाया घालवलं.

सराव एकट्याने, रिकाम्या लॉबीत (दुसरा खेळाडू नसलेल्या सरावाच्या मॅचमध्ये), १० मिनिटं. तेवढ्यात एका लेनमध्ये ८०च्या आसपास क्रीप येतात. त्यातले ४० टिपता येईपर्यंत खऱ्या मॅचमध्ये जाऊ नका. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. माझ्या भाच्याने ऐकलं नाही, थेट मॅचमध्ये घुसला आणि दर दोन मिनिटांनी एकच हाक: “मामा, मन्हा हीरो मरी गया!”

आपलाच अर्ध्यापेक्षा कमी रक्ताचा क्रीप मारून शत्रूचं नुकसान करता येतं, त्याला डिनाय म्हणतात. ते नंतर. व्हिडिओवाल्यांच्या युक्त्या त्याहून नंतर.

चॅटमध्ये शिव्या सुरू झाल्या की म्यूट. रँक्डची, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या मॅचच्या प्रकाराची, काळजी आत्ता नको, १०० तास खेळल्याशिवाय तो उघडतच नाही.

आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. जळगावच्या मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ५ मिनिटांपेक्षा जास्त गायब राहिलात तर मॅच सोडून पळालात असं धरतात, आणि मग शिक्षेच्या रांगेत इतर पळपुट्यांबरोबर खेळत बसावं लागतं. मी बसलोय.