वाढीव काम अंगावर घेतलंय आणि पगारवाढ मागायचीय? या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं अकाउंट्सला होते. चौथ्या वर्षी जीएसटीचं काम बघणारे सहकारी नोकरी सोडून गेले. साहेब म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत तू जरा बघशील का?" मी हो म्हटलं. नवीन माणूस आलाच नाही.

माझं मूळ काम खरेदीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आणि पुरवठादारांची पेमेंट काढायची, एवढंच होतं. त्यात दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न) आणि मालाची गाडी गेटवर उभी असताना तिच्यासोबत द्यायचं ई-वे बिल, अशी भर पडली. चौदा महिने मी हे निमूटपणे केलं. मग पगारवाढ मागितली, आणि अशा रीतीनं मागितली की हाती काहीच लागलं नाही. पुढे माझ्याच हाताखाली माणसं आली, तीही मागायला येऊ लागली. तेव्हा लक्षात आलं की आपण बहुतेक सगळे त्याच त्या ठिकाणी अडखळतो.

"साहेबांना दिसतंच आहे की"

नाही दिसत. रिटर्न वेळेत गेलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. ते चुकलं, दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागलं, की मगच अख्ख्या ऑफिसला कळतं. म्हणजे तुम्ही काम जितकं नीट करता तितकं ते नजरेआड होतं. वर्ष उलटलं की ते "जास्तीचं" राहतही नाही, तुमचंच होऊन बसतं.

म्हणून काम हातात आलं त्याच आठवड्यात एक साधा मेल टाका. तक्रारीचा सूर नको, नुसती नोंद: "सर, काल ठरल्याप्रमाणे १ तारखेपासून जीएसटी रिटर्न आणि ई-वे बिलांचं काम मी बघते आहे. माझं आधीचं बिलांचं कामही चालू राहील. नवीन नेमणूक होईपर्यंतची ही व्यवस्था आहे, तीन महिन्यांनी आपण यावर परत बोलू." चार ओळींचा हा मेल मी तेव्हा टाकला नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक. चौदा महिन्यांनी मी तारीख सांगत होते आणि साहेबांना ती आठवत नव्हती. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हती.

घरची अडचण पुढे करणं

मी काय बोलले ते अजून शब्दन् शब्द आठवतं. "सर, फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय, मुलीची शाळा आहे, भागत नाही." साहेब मनानं चांगले. त्यांनी लगेच विचारलं, "ॲडव्हान्स हवाय का?" आणि मी तो घेतला. पुढचे सहा महिने तो माझ्याच पगारातून कापला गेला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी अडचण सांगितली, त्यांनी अडचणीवरचा उपाय दिला. पगार वाढतो तो कामाच्या किमतीवर, त्यामुळे त्या खोलीत हप्त्याचा आणि फीचा विषय काढूच नका. महागाईचंही तेच. ती सगळ्यांनाच आहे, म्हणून तिच्यापोटी मिळालीच तर सगळ्यांना मिळते तेवढीच वाढ मिळते.

कष्ट सांगणं, काम न सांगणं

"घरी जायला रोज आठ वाजतात" या वाक्यातून समोरच्याला फार तर एवढंच कळतं की हिला मदतनीस हवा. कधी कधी तर हिचा हात संथ आहे, असाही अर्थ काढला जातो. त्याऐवजी एक पानाचा कागद करा. डावीकडे नेमणुकीच्या वेळचं काम, उजवीकडे आता करता ते काम, खाली दोन-तीन ठळक प्रसंग आकड्यांसह.

माझ्या कागदावरचा एक प्रसंग सांगते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, तयार होतं. पुरवठादारानं त्याचं रिटर्न भरलं नसेल तर त्याचं बिल त्यात दिसत नाही, आणि आपल्याला त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा करता येत नाही. एका पुरवठादाराचं २,३६,००० रुपयांचं बिल असंच गायब होतं. त्यात जीएसटी ३६,००० रुपये. मी त्याला फोन केला, बिल दिसेपर्यंत पेमेंट थांबवलं, आणि पुढच्या महिन्यात क्रेडिट मिळालं. "मी खूप मेहनत घेते" यापेक्षा हे ३६,००० रुपये जास्त बोलतात.

हा कागद आपल्या साहेबांसाठी असतोच, पण त्याहून जास्त त्यांच्या वरच्यांसाठी असतो. साहेबांना वाढ मंजूर करून घ्यायला वर कारण द्यावं लागतं. ते कारण तुम्ही आयतं लिहून दिलंत तर त्यांचं काम सोपं होतं.

एप्रिलमध्ये मागणं

जिथे एप्रिलपासून वाढ लागू होते, तिथे पत्र हातात पडेपर्यंत आकडे केव्हाच ठरलेले असतात. डिपार्टमेंटची यादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत वर जाते. म्हणून बोलायचं ते डिसेंबर-जानेवारीत. तुमच्याकडे यादी कधी जाते ते एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला सहज विचारा, सांगतात. आणि बोलणं मात्र आधी आपल्या साहेबांशीच करा. त्यांना ओलांडून थेट एचआरकडे गेलात तर ते दुखावतात, आणि यादीवर सही त्यांचीच असते.

जेवणाच्या सुट्टीत किंवा जिन्यात हा विषय काढू नका. "सर, माझ्या कामाबद्दल वीस मिनिटं हवी होती, या आठवड्यात कधी येऊ?" असं आधी विचारून ठेवा.

आकडा न सांगणं, किंवा चुकीचा सांगणं

"तुम्हीच बघा काय ते" म्हटलं की किमान तेवढंच मिळतं. त्या कामाला बाहेर काय देतात ते नोकरीच्या जाहिरातींवरून बघा आणि आकडा ठरवून जा. आणि तो सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) की हातात येणारा, हे आधी स्पष्ट करून घ्या. समजा सीटीसी महिना ४,००० नं वाढला आणि त्यातले २,००० बेसिकमध्ये गेले. बेसिकवर १२ टक्क्यांनी पीएफ कापत असतील तर २४० तुमचे आणि २४० कंपनीचे, शिवाय ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) शंभरेक रुपये. हातात वाढतात साधारण ३,४००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे १,८०० वरच थांबलेला असेल तर हिशेब वेगळा येतो. स्वतःची पगारपावती समोर ठेवून हा हिशेब एकदा कराच.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या पगाराचा विषय मात्र काढू नका. बोलणं लगेच त्याच्यावर घसरतं, तुमचा कागद बाजूलाच राहतो. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर टेबलावर ठेवायचं तर खरोखर जायची तयारी असेल तरच.

उत्तर अडलं तर

"बजेट नाही" म्हणाले, तर विचारा की पुढचं कधी ठरतं, आणि ती तारीख मागून घ्या. "बघू" म्हणाले, तर त्याच संध्याकाळी मेल करा: "आज बोललो त्याप्रमाणे आपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत भेटतोय." "हे तुझ्या कामातच येतं" म्हणाले, तर वाद घालू नका. नेमणूक पत्रात बहुतेक वेळा "सांगितलेलं इतर काम" अशी ओळ असतेच. तिथे एवढंच म्हणा की ही जागा आधी वेगळी होती, तिला वेगळा माणूस होता, आणि त्या पगाराची तरतूदही होती.

नुसतं पद देत असतील, पैसे नाहीत, तर माझं मत असं: पत्रावर लिहून मिळत असेल तर घ्या, पुढच्या नोकरीत ते मोजलं जातं. तोंडी "तू आता सीनियर" याला काही अर्थ नाही.

रागानं काम अर्धवट सोडू नका. ते परत करायचं असेल तर रीतसर करा: "सर, पुढच्या तिमाहीपासून ई-वे बिलांचं काम डिस्पॅचकडे द्यावं, मी त्यांना शिकवते." गंमत म्हणजे कित्येकदा याच वाक्यानंतर खरं बोलणं सुरू होतं.

दुसऱ्या खेपेला मी जानेवारीत गेले, कागद घेऊन. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा माझ्याकडेच राहू दे." त्या एप्रिलला पद आणि वाढ दोन्ही आलं.

सगळ्यांचं असं होईलच असं नाही. दोनदा विचारून, तारीख उलटूनही उत्तर नसेल तर बायोडेटात नवीन काम लिहा आणि बाहेर बघायला लागा. पण राजीनामा टाकण्याआधी रुजू झाल्याची तारीख आणि नोटीस पिरियड दोन्ही तपासा. कायम नोकरीत पाच वर्षं सलग पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. साडेचार वर्षं झाली असतील तर ते सहा महिने काढण्यासारखे आहेत का, याचा हिशेब घरी बसून शांतपणे करा.