सगळेच सी शिल्लक राहिले तेव्हा

फोंड्याहून कदंब बसने पणजी, तिथून दुसरी बस, अशी दोन वर्षं ये-जा करून मी कर्करोगाच्या जनुकांवरचं काम शिकले. आजी शेजारीपाजारी सांगायची, नात कॅन्सरवर औषध शोधते. नात तेव्हा महिनाभर नुसतं पिपेट धरायला शिकत होती.

नव्याने येणाऱ्यांचा पहिला गोंधळ जनुकीय आणि एपिजनेटिक बदलांत होतो. देवघरातली पोथी घ्या. एखादं अक्षर चुकीचं छापलं तर ते म्युटेशन. टीपी५३ या जनुकात असं पुष्कळ कर्करोगांत दिसतं. पण तूप सांडून दोन पानं चिकटली, तर अक्षरं शाबूत असूनही वाचता येत नाहीत. डीएनएची अक्षरं चार: ए, सी, जी आणि टी. त्यातल्या सीवर, म्हणजे सायटोसिनवर, मिथाइल हा छोटा रासायनिक गट बसून जनुक गप्प होतं ते असं. हा एपिजनेटिक बदल. चिकटलेली पानं सोडवताही येतात. अ‍ॅझासायटिडिन हे औषध मिथाइलचे गट कमी करतं. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली, तीही रक्ताच्या एका विकारासाठी.

मिथाइल बघायचा जुना, भरवशाचा मार्ग म्हणजे बायसल्फाइट हे रसायन. त्यानं मिथाइल नसलेल्या सीचा यू (युरॅसिल) होतो आणि पीसीआरनंतर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढल्यावर, तो टी म्हणून वाचला जातो. मिथाइल असलेला सी तसाच राहतो. म्हणजे शिल्लक राहिलेले सी मोजायचे, एवढंच. मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्या पहिल्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे वाचून आलेल्या अक्षरांच्या ओळीत, सगळे सी जागच्या जागी होते. गाठीच्या नमुन्यात तर होतेच, शेजारच्या निरोगी पेशींतही! मी खुशीत आईला फोनही केला. लॅबमधल्या मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, सीजी सोड. बाकीचे सी बघ." माणसाच्या बहुतेक पेशींत ज्या सीच्या लगेच पुढे 'जी' हे अक्षर असेल त्याच सीवर मिथाइल सापडतं, इतर सगळ्या सींचा टी व्हायलाच हवा. माझ्या सींचा झाला नव्हता. रसायनानं कामच केलं नव्हतं. विरघळवलेलं बायसल्फाइट हवा लागली की बिघडतं आणि मी ते पंधरवड्यापूर्वीचं, सैल झाकणाच्या बाटलीतलं वापरलं होतं. पुढच्या वेळी ताजं केलं, सोबत पूर्ण मिथाइल असलेला आणि अजिबात नसलेला असे दोन कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने, लावले. ते नसतील तर निकालाकडे बघूसुद्धा नका.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात जपतात, त्या ब्लॉकमधून डीएनए काढणार असाल तर आणखी एक कटकट. फॉर्मॅलिननं तो आधीच तुटलेला असतो, बायसल्फाइट उरलासुरला तोडतं. पीसीआरचा तुकडा दीडशे बेसच्या, म्हणजे अक्षरांच्या, आसपास ठेवा. शिवाय फॉर्मॅलिनमुळेही काही सींचा यू होतो, मग म्युटेशन शोधताना नसलेलं म्युटेशन दिसतं. ब्लॉक हातात घेण्याआधी एथिक्स समितीची मंजुरी लागते. अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

नमुने मिळेपर्यंत रिकामं बसू नका. टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या अमेरिकी प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११ हजारांहून अधिक रुग्ण आहेत, आणि म्युटेशन व मिथाइलची बरीचशी विश्लेषित माहिती फुकट उतरवता येते. अशी माहिती तपासायला लागणारी आर ही संगणकाची भाषा मी शिकले ती चवथीच्या सुटीत, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली लॅपटॉप घेऊन. पहिला आलेख आला तेव्हा आरती सुरू झाली होती, आणि आजीनं लॅपटॉप मिटायला लावला.