वॉशिंग मशीनचा टब एका बाजूला झुकलाय? या चुका टाळा

स्पिन सुरू झाला की धडधड होते, मशीन जागा सोडून पुढे सरकतं आणि झाकण उघडून पाहावं तर टब एका कोपऱ्याकडे कलंडलेला. अशा वेळी बहुतेक जण पायांखाली पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा सारतात. पहिली चूक इथेच होते. पाय फक्त बाहेरचं खोकं सरळ ठेवतात. टॉप लोडमध्ये आतला टब चार कोपऱ्यांतल्या चार सस्पेन्शन रॉडवर लटकलेला असतो. एखाद्या रॉडची स्प्रिंग बसली किंवा त्याच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी फुटली, की तो कोपरा खाली जातो. मग खोकं कितीही लेव्हल केलं तरी टब झुकलेलाच राहतो.

म्हणून आधी नीट तपासा. प्लग काढा, टबमधलं पाणी काढून टाका. दोन्ही हातांनी टब खाली दाबून सोडा. वर येऊन एखाद-दुसऱ्या हेलकाव्यात थांबला तर रॉड बरे आहेत. बराच वेळ डोलत राहिला तर गेलेत. आता आतल्या स्टीलच्या ड्रमची कड धरून हलवा. बाहेरचा टब स्थिर आणि ड्रम एकटाच खडखडत असेल, तर दोष बेअरिंगचा किंवा ड्रमच्या खालच्या आधाराचा आहे. तिथे नवे रॉड घालणं म्हणजे पैसे वाया.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे तुटलेला एकच रॉड बदलणं. उरलेले तीन तितकेच वापरलेले असतात. नवा रॉड आपला कोपरा उचलून धरतो आणि टब आता दुसरीकडे कलतो. चारही एकदम बदला, मॉडेल नंबर पाहूनच घ्या. मोटरचं वजन एका बाजूला असल्यामुळे काही मशीनमध्ये पुढचे-मागचे रॉड वेगवेगळ्या ताकदीचे असतात, ओळखायला रंग दिलेला असतो. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच रॉड काढा. कोणीतरी टब उचलून धरला की रॉडचं डोकं खाचेतून सहज निघतं.

रॉडच्या वाटीत खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. तिथलं घर्षणच टबचे हेलकावे थांबवतं, तेलाने ते घटतं. शिवाय आत कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. त्याला हात लावू नका.

फ्रंट लोडची रचना वेगळी. वर स्प्रिंगा, खाली हेलकावे शोषणारे शॉकर. शॉकर सोडवून हाताने दाबून पाहा. अडथळा न होता सरकला तर निकामी झालाय, आणि बदलायचे ते जोडीनेच. स्प्रिंग ताणलेली असते, हातमोजे आणि चष्मा हवाच. आत काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं, त्यामुळे हे मशीन एकट्याने तिरकं करू नका. मशीन नवं असूनही थरथरत असेल तर आधी मागे पाहा, वाहतुकीत टब हलू नये म्हणून लावलेले बोल्ट काढायचे राहिले असतील.

काम झाल्यावर पाय लेव्हल करून त्यांचे लॉकनट घट्ट आवळा. पहिला स्पिन रिकामा चालवा, दुसरा थोड्या मिश्र कपड्यांचा. एकटी जाड चादर टाकून चाचणी घेऊ नका. ती एका बाजूला गोळा होते आणि रॉड नवे असूनही टब आपटतो.