ऑनलाइन नकाशावर आपलं घर आणि बाग टाकताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, शेजारच्या काकींना रात्री साप चावला. आमच्या कोकणातल्या वाडीत रेंज नाही म्हणून मी धावत वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर गेलो, तिथनं फोन लावला, गाडीवाल्याला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं आणि परत खाली पळालो. गाडी आली ती सड्यावरच. लोकेशन मी उभा होतो तिथलं गेलेलं ना, घराचं नाही. ड्रायव्हर वर कातळावर हेडलाइट लावून उभा आणि खाली आम्ही काकींना खुर्चीत बसवून पाखाडीच्या, म्हणजे घराकडे येणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी वाट बघतोय. काकी वाचल्या, पण ती वीस मिनिटं मला आजही आठवतात.

आता सरकारची कितीतरी कामं नकाशावरनं चालतात, ई-पीक पाहणी (पिकाची मोबाईलवरनं नोंद), स्वामित्व योजनेचा ड्रोन सर्वे (गावठाणातल्या घरांची मोजणी), वादळानंतरच्या पंचनाम्याचे फोटो. हे चांगलंच आहे, फक्त ठिपका चुकीच्या जागी पडला की पुढचं सगळंच चुकीच्या जागी जातं.

तर पहिली चूक माझीच, रेंज मिळते तिथलं लोकेशन पाठवणं. बऱ्याच जणांना वाटतं की रेंज नसली की जीपीएस चालत नाही, तसं नाही. जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहाकडनं येतो, रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला आणि लोकेशन पुढे पाठवायला. म्हणून आजच अंगणात मोकळ्या जागी उभे राहा, नेट नसेल तर जरा जास्त वेळ लागतो, दोन-चार मिनिटं थांबा, निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान झालं की अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहून घ्या आणि दाराच्या मागे चिकटवा. पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, १० अक्षरांचा कोड, साधारण ४ बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो, तोही लिहून ठेवा. आणि आपल्याकडे एक नाही, दोन ठिपके लागतात, एक घराचा आणि एक गाडी पोचते तिथला, म्हणजे पाखाडी सुरू होते तिथला. सोबत गावाचं नाव सांगा, कारण मधलीवाडी आणि खालचीवाडी दर दुसऱ्या गावात आहे.

बागेतही तेच. ई-पीक पाहणीचा फोटो कलमांमध्ये उभं राहूनच काढा, घरी येऊन किंवा रस्त्यावरनं नको, रेंज नसेल तर अपलोड नंतर करता येतं.

आकडे लिहिताना होणारी गडबड मी अर्जांवर सारखी बघतो. १७ अंश ३० मिनिटं म्हणजे १७.५, पण लोक १७.३० लिहितात, कारण ६० मिनिटांचा एक अंश असतो हे कोणी सांगितलेलंच नसतं. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे जमिनीवर साधारण २२ किलोमीटर! आणि आधी अक्षांश मग रेखांश, आपल्या रत्नागिरीकडे १७ आधी, ७३ नंतर. उलटं टाकलंत तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो.

आता हद्दीचं, हे नीट वाचा कारण यावरनं भाऊ भावाशी बोलेनासे झालेले मी बघितलेत. मोबाईलवर जमिनीच्या गट नंबरची रेघ सॅटेलाइट फोटोवर दिसते आणि ती आपल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडे पडली की लगेच भांडण. थांबा. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाईलचा जीपीएस ५ मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवतो, माडा-पोफळीखाली तर आणखी जास्त, आणि एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, जेमतेम १० मीटरची बाजू, म्हणजे अर्धा गुंठा नुसत्या चुकीतच गेला. शिवाय जुना कागदी नकाशा फोटोवर बसवताना सरकलेला असू शकतो. मोबाईल बघून गडगा पाडू नका, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, त्यांच्या रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरनं मोजणाऱ्या यंत्राने सेंटीमीटरपर्यंत मोजता येतं.

गावठाणात स्वामित्वचा ड्रोन यायच्या आधी चुन्याने हद्द आखतात, त्या दिवशी घरी कोणीतरी हवंच, मुंबईला राहणाऱ्या घरच्यांना आधी कळवा. ड्रोनला वरनं छप्पर दिसतं, भिंत नाही, आणि आपल्या पडवीची पागोळी भिंतीच्या चांगलीच बाहेर असते, माडाच्या झावळीखालचा गोठा तर दिसतच नाही. म्हणून नकाशा पडताळणीला आला की स्वतः उभं राहून बघा, हरकत तेव्हाच लेखी द्या. सनद, म्हणजे मालकीचा कागद, हातात आल्यावर धावपळ फार होते.

ऑफिसातनं नकाशा बघणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, सरळ रेषेत अंतर मोजू नका. दाभोळ आणि धोपावे नकाशावर समोरासमोर आहेत, पण मध्ये खाडी, फेरीबोट बंद असली की चिपळूणवरनं वळसा. दवाखाना, रेशन दुकान, निवारा शेड ठरवताना रस्त्याने किती वेळ लागतो ते बघा, आणि पावसात कुठला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली जातो ते वाडीतल्या माणसाला विचारा.

शेवटचं, सगळं फोनमध्येच ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दिवसेंदिवस लाइट नव्हती, टॉवर बंद होते, ऑनलाइन नकाशा काय उघडणार? नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि एक मोठी प्रिंट ग्रामपंचायतीत लावून घ्या. आमच्याकडे लावलीय, तिच्यावर पाखाड्या, विहिरी आणि व्हाळावरचे साकव पेनाने काढलेत, आणि सड्यावरच्या त्या जागेला लाल गोल करून लिहिलंय, इथे फक्त रेंज आहे, घर खाली आहे.